बाहेरून आलेला नमुना

१

मंगळवारी सकाळी टाचणीच्या टेबलावर जी फाईल आली, तिच्यात एक कागद जास्तीचा होता.

टाचणी हा विमा कंपनीचा तपासनीस. शर्टाच्या कॉलरमागे कायम दोन टाचण्या खोचलेल्या, आणि संशय आला की माणसाला टोचत राहायची सवय, म्हणून ऑफिसात हे नाव पडलं. पुढे बायकोही चिडवताना हेच नाव घ्यायची. ती जाऊन सात महिने झाले होते. तेव्हापासून त्याला एका जागी बसवत नव्हतं. फाईलसुद्धा तो खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी अशा येरझाऱ्या घालत वाचायचा. हल्ली जिना चढला की धाप लागायची. तिकडे तो लक्ष देत नव्हता.

फाईल एका शाळेतल्या बाईंची होती. वय बावन्न. हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या. ऑपरेशन शुक्रवारी सकाळी ठरलेलं. खर्चाची मंजुरी कंपनीने द्यायची होती, आणि ती गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत आली नाही तर हॉस्पिटल ऑपरेशन पुढे ढकलणार होतं. डॉक्टरांनी कागदावर स्वच्छ लिहिलं होतं : थांबणं धोक्याचं आहे.

पॉलिसी दोन वर्षांपूर्वीची. फॉर्मवर प्रश्न होता : साखरेचा आजार आहे का? बाईंनी लिहिलं होतं : नाही.

आणि फाईलमध्ये पाच वर्षांपूर्वीचा लॅबचा रिपोर्ट होता. नाव बाईंचंच. उपाशीपोटी साखर दोनशे बारा, जेवणानंतर तीनशे अठरा.

"झालं की मग," साहेब म्हणाले. "आधीचा आजार असेल तर तीन वर्षांचा वेटिंग पिरियड. तोवर त्या आजाराचा आणि त्यातून उपजलेल्या दुखण्याचा पैसा नाही. साखरेने नळ्या तुंबल्या. शिवाय आजार लपवला, म्हणजे पॉलिसीच रद्द. जा, एक जबाब घेऊन ये आणि मोकळा हो."

"हा रिपोर्ट दिला कुणी?"

"त्यांनीच. घरच्यांनी कागदांची पिशवी आणून दिली, त्यात होता."

टाचणी चालता चालता थांबला. "साहेब, पंचवीस वर्षं झाली मला. स्वतःच्या हाताने स्वतःच्या गळ्याला फास लावणारं घर अजून बघितलं नाही."

"सापडलं की आता!"

टाचणीने तो कागद उजेडाकडे धरला. बाईंचे बाकीचे सगळे कागद सपाट होते, कडेला भोकं पाडून दोऱ्यात ओवलेले. हा एकटाच आठ घड्यांचा. घड्यांच्या रेघा मळून काळ्या पडल्या होत्या. कुणाच्या तरी खिशात हा कागद खूप दिवस राहिला होता.

आणि तळाशी आणखी एक आकडा होता. हिमोग्लोबिन, सोळा पूर्णांक एक.

त्याने हॉस्पिटलचा आत्ताचा रिपोर्ट काढला. बाईंचं हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक आठ. मागच्या कागदांतही कुठे नऊ, कुठे दहा. साखरेची तीन महिन्यांची सरासरी अगदी नॉर्मल.

"साहेब, हे रक्त या बाईंचं नाही."

"रक्त कमीजास्त होतं रे. आणि साखर गोळ्या खाऊनही नॉर्मल ठेवता येते. मला तर्क नको, माणूस दाखव. तिचं नाही तर कुणाचं? गुरुवार, पाच वाजेपर्यंत."

२

घर दोन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावर. दार एका म्हातारीने उघडलं. बाईंची सासू. तिने टाचणीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"विम्याचे का? या. किती धापा टाकताय हो! बसा आधी."

"उभा बरा आहे, आजी."

"उभ्याने आलेला पाहुणा नि उकळी न आलेला चहा, दोन्ही वाईट. बसा."

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. आजीने स्टोव्हवर पातेलं ठेवलं. शेजारच्या बाजेवर बाईंचा नवरा बुटाच्या नाड्या सोडत होता. बसगाडीवर ड्रायव्हर. नुकताच ड्यूटीवरून आला होता, कपाळावर टोपीचा वळ तसाच. बोलायला फारसा राजी दिसेना.

"हॉस्पिटलला कागद कुणी नेऊन दिले?" टाचणीने विचारलं.

"मी," आजी म्हणाली. "हा ड्यूटीवर, सूनबाई वॉर्डात झोपलेली. ते म्हणाले कागद आणा. मला मेलीला अक्षर ओळखता येत नाही. म्हटलं, निवडायचं कशाला? कपाटात होते नव्हते तेवढे सगळे पिशवीत कोंबले. याचं जुनं लायसनसुद्धा नेलं होतं! तिथल्या पोरीने हसून परत दिलं."

ड्रायव्हरचा हात नाडीवर थांबला.

"हा कुठे होता?" टाचणीने आठ घड्यांचा कागद पुढे केला.

"अहो, मला सगळे सारखेच. कागद तो कागद."

ड्रायव्हरने कागदाकडे पाहिलं आणि नजर बुटाकडे नेली. "हिला साखर कधीच नव्हती," तो म्हणाला. "लॅबवाल्याची चूक असेल. दुसऱ्याचं रक्त घातलं असेल हिच्या नावावर."

"होतं असं कधी कधी," टाचणी म्हणाला.

चहा झाला. आजीने पातेल्यातून आधी लेकाचा कप भरला, मग पातेल्यात साखर टाकून ढवळली आणि बाकीचे दोन भरले. हाताला इतकी सवय की तिचं लक्षही नव्हतं.

"आजी, पाच वर्षांपूर्वी तुम्ही कधी रक्त तपासलं होतं?"

"मी? मी तेव्हा थोरल्याकडे होते, रात्रभराच्या प्रवासावर. इथे येऊन तीनच वर्षं झाली. आणि माझ्या अंगात रक्त आहे कुठे तपासायला? सगळं या लेकरांनी प्यायलं." ती हसली आणि हसता हसता पदराने डोळे पुसले. "शुक्रवारी होईल ना हो ऑपरेशन? हा तर सोमवारची सुट्टीसुद्धा घेईना आता. घरात पाय टिकत नाही याचा."

टाचणीने कप खाली ठेवला आणि उठला. त्याचाही टिकत नव्हता.

जिन्यावर ड्रायव्हर मागून आला. "साहेब, तिला यातलं काही विचारू नका. छातीवर ताण येतो तिच्या."

"विचारावं लागेल. जबाब आहे."

ड्रायव्हरने खिशातून रुमाल काढला, त्यासोबत लिमलेटच्या तीन-चार गोळ्या पायरीवर सांडल्या. तो घाईने वेचायला वाकला. "गाडीत लहान पोरं रडतात, त्यांच्यासाठी ठेवतो," तो न विचारताच म्हणाला.

३

बुधवारी सकाळी बाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. नाकाखाली ऑक्सिजनची नळी. मांडीवर शाळेच्या वह्यांचा गठ्ठा.

"तपासायच्या राहिल्यात," त्या म्हणाल्या. "डॉक्टर ओरडतात. मी म्हटलं, वह्या तपासून कुणाचं हृदय बंद पडल्याचं ऐकिवात नाही. बसा ना."

टाचणी बसला नाही. त्यांचं पत्र फाईलमध्येच होतं : मला साखरेचा आजार कधीही नव्हता. तो म्हणाला, "बाई, हे तुम्ही लिहिलंत. मग हा रिपोर्ट कसा?"

त्यांनी हात पुढे केला. "दाखवा तरी. मी अजून पाहिलेला नाही. नुसतं ऐकतेय, रिपोर्ट, रिपोर्ट."

त्याने कागद दिला. बाईंनी आधी आकडे वाचले, मग तारीख. मग त्यांनी कागद त्याच्या घड्यांप्रमाणे हळूहळू मिटला. एक घडी, दुसरी, तिसरी. तळहातावर पानाच्या विड्याएवढा चौकोन राहिला. त्याच्याकडे त्या बघत राहिल्या. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं.

तोवर त्यांच्या डोळ्यांत राग होता. तो विझला.

"रिपोर्ट माझाच आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"माझा आहे. मला साखर आहे, पाच वर्षांपासून. फॉर्मवर खोटं लिहिलं. लिहून घ्या, मी सही करते."

"बाई, तुम्हाला कळतंय ना काय बोलताय? ही सही म्हणजे शुक्रवारचं ऑपरेशन गेलं."

"चौथीला गणित शिकवते मी. एवढा हिशेब येतो मला."

टाचणीने पंचवीस वर्षांत शेकडो कबुल्या घेतल्या होत्या. लोक रडत, भांडत, शपथा घेत, आणि शेवटी मान खाली घालून सही करत. ही बाई मान ताठ ठेवून सही मागत होती.

"रक्त कुठे दिलं होतं?" त्याने विचारलं.

"कुठे म्हणजे? लॅबमध्ये. खुर्चीत बसून. सुई टोचली, कापूस लावला. आणखी काय असतं?"

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

त्यांनी सही केली. अक्षर वळणदार. कागद घडी न घालता, सपाटच त्याच्या हातात दिला.

४

लॅब एका गल्लीत तळमजल्यावर होती. लॅबवाला सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावून नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता.

"पाच वर्षांपूर्वीचं? सापडेल की. मी बायकोचा वाढदिवस विसरतो, पण वही फेकत नाही." त्याने माळ्यावरून जाडजूड वही ओढली, धूळ झटकली, बोट फिरवत खाली आला. "हा बघा. सोमवार. पहिला नमुना सहा वीसला, दुसरा नऊ पाचला."

"ही फुली कसली?"

"बाहेरून. म्हणजे माणूस आला नाही, रक्त आलं. दुसरीकडे कुणीतरी काढलं, नळी आणून दिली. आम्ही नळीवरचं नाव वाचतो, मशीनमध्ये घालतो. नळीला तोंड नसतं साहेब, ती काय सांगणार मी कुणाची?"

"दोन्ही नमुने बाहेरून?"

"दोन्हीवर फुली आहे. आणि व्यवस्थित काढलेलं होतं, नाहीतर मी 'रक्त फुटलंय' म्हणून शेरा मारतो. सराईत हात असणार."

म्हणजे खुर्ची नव्हती, सुई नव्हती, कापूस नव्हता. बाई खोटं बोलल्या होत्या. चोर खोटं बोलतो ते सुटायला. ही बाई अडकायला खोटं बोलली होती. हे टाचणीला नवीन होतं.

सराईत हात शोधायला लांब जावं लागलं नाही. फाईलमध्ये नातेवाइकांचे फोन होते, त्यात बाईंची नणंद एका दवाखान्यात नर्स असल्याचं लिहिलं होतं. ती दुपारी ड्यूटी बदलताना भेटली. उंच, ताठ, हातात डबा.

"मला काही माहीत नाही," तिने प्रश्न यायच्या आधीच सांगितलं.

"मी अजून काही विचारलं नाही, ताई."

"वहिनीच्या रिपोर्टबद्दल विचाराल. मला माहीत नाही."

"तुम्ही स्वतःचं रक्त वहिनीच्या नावाने तपासलं का?"

ती हसली, मनापासून. "मी? आमच्या इथे स्टाफची तपासणी दर सहा महिन्यांनी फुकट होते. चला आत, कार्ड दाखवते. माझी साखर बघून डॉक्टर म्हणतात, बाई, तू शंभर वर्षं सगळ्यांना छळणार." तिने खरंच कार्ड दाखवलं. पाच वर्षांच्या ओळीने नोंदी, सगळ्या नॉर्मल.

"मग दुसऱ्या कुणाचं काढलं?"

हसू गेलं. तिने डब्याचं झाकण घट्ट दाबलं, घट्ट असतानाच. "वहिनीचं ऑपरेशन होणार ना?"

"आज तुमच्या वहिनींनी लिहून दिलं की रिपोर्ट त्यांचाच आहे. त्यामुळे नाही होणार."

डबा तिच्या हातून पडला नाही, पण तिने तो भिंतीच्या कठड्यावर ठेवला आणि दोन्ही हात तोंडावर घेतले.

"ती असं का म्हणाली?" ती बोटांआडून पुटपुटली. "तिला तर ठाऊकच नव्हतं!"

पुढे एक शब्द बोलायला ती तयार होईना.

५

संध्याकाळी टाचणी बाईंच्या शाळेत गेला. मुख्याध्यापिकेने जुनं हजेरीपुस्तक काढून दिलं. त्या सोमवारी बाईंची सही होती, सात वाजता आल्याची. त्या दिवशी चौथीची परीक्षा. बारापर्यंत त्या वर्गाबाहेर पडल्या नव्हत्या, कारण त्यांच्या जागी बसायला कुणी नव्हतं. जेवणानंतरचा नमुना नऊ वाजून पाच मिनिटांनी लॅबमध्ये पोचला होता. म्हणजे तो बाईंचा असूच शकत नव्हता.

साहेबांचा फोन आला. "कबुली मिळाली म्हणे? पाठव की मग."

"ती कबुली खोटी आहे."

"अरे, सही आहे ना? कंपनीला सही कळते, खरं-खोटं देवाला कळू दे. तुला झालंय तरी काय हल्ली? सुट्टी घे महिनाभर."

"घरी बसून काय करू, साहेब?"

मग साहेब हळू आवाजात म्हणाले, "उद्या पाच. त्याच्यापुढे माझ्या हातात नाही."

टाचणी घरी न जाता चालत राहिला. दुकानं, पूल, पुन्हा दुकानं. खिशात बाईंची कबुली होती आणि ती तिथे विस्तवासारखी जाणवत होती. बाईंना तर ठाऊक नव्हतं, नणंद म्हणाली. सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं, हेही खरं. पत्रात तसं लिहिलं होतं. मग त्या पलंगावर, त्या अर्ध्या मिनिटात काय झालं? बाईंनी आकडे वाचले, तारीख वाचली, आणि कागद मिटला.

घड्या. बाईंनी घड्या ओळखल्या.

तो फुटपाथच्या मधोमध थांबला. मागून येणारा माणूस आदळला आणि शिव्या देत पुढे गेला.

कागद इतका बारीक मिटून खिशात कोण ठेवतं, हे बायकोला सांगावं लागत नाही. आजीने कपाटातून लायसनही उचललं होतं. हा चौकोन लायसनच्या पाकिटात बरोबर मावला असता. आणि मग एकामागून एक सगळं सरळ झालं. चहात साखर पडायच्या आधी भरलेला कप. खिशातल्या लिमलेटच्या गोळ्या. पोरांसाठी म्हणे! ड्रायव्हर काचेच्या केबिनमध्ये एकटा बसतो, रडणारं पोर त्याच्यापर्यंत पोचतं कुठे? साखर एकदम उतरली तर तोंडात टाकायला माणूस त्या ठेवतो. सोमवारची सुट्टी, आणि रिपोर्ट सोमवारचा. सोळाचं हिमोग्लोबिन, चांगल्या धडधाकट पुरुषाचं. आणि नर्स बहीण इतकी जोखीम पत्करेल ती कुणासाठी? आई तेव्हा गावात नव्हती. उरला भाऊ.

त्याला दोन दिवस लागले होते. बाईंना अर्धं मिनिट पुरलं.

आणि स्वतःच्या बायकोच्या वेळी? ती सहा महिने पाठ दाबत फिरत होती. "काही नाही हो, वात आहे." तो फिरतीवर. लोकांनी लपवलेली दुखणी गावोगाव हुडकत होता, आणि घरातलं एक दुखणं रोज त्याला चहा करून देत होतं. कळलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. टाचणीने एकही खूण पाहिली नव्हती. कारण घरी आल्यावर तो बघणं बंद करायचा.

६

गुरुवारी दुपारी दोनला डेपोत बसगाड्या ओळीने उभ्या होत्या. ड्रायव्हर आपल्या गाडीच्या पायरीवर बसून पाणी पीत होता. सव्वादोनची फेरी.

"तुम्ही?" तो उठू लागला.

"बसा." आणि टाचणी स्वतः समोरच्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसला. "साखर किती आहे हल्ली?"

ड्रायव्हरने इकडेतिकडे पाहिलं. "काय बोलताय? आमची दरवर्षी तपासणी होते. डोळे, लघवी, सगळं साफ."

"तपासणीआधी पथ्य पाळून गोळ्या घेतल्या की लघवी साफ येते. ताई गोळ्या आणून देतात ना? रक्तही त्यांनीच काढलं. सोमवारी, तुमच्या सुट्टीच्या दिवशी. नळीवर बायकोचं नाव."

"पुरावा काय?"

"चला त्या प्रथमोपचाराच्या खोलीत. बोटाला टोचून घ्या. एका मिनिटात सांगतो पुरावा."

ड्रायव्हर हलला नाही. त्याने बाटलीचं झाकण लावलं.

"आमच्याकडे नियम आहे," तो शेवटी म्हणाला. "साखर निघाली की स्टिअरिंगवरून खाली. आवारात गाड्या धुवायच्या, नाहीतर खिडकीमागे बसून फेऱ्या लिहायच्या. सव्वीस वर्षं गाडी चालवतोय मी. दुसरं येतं काय मला? माझ्या नावाने तपासलं असतं तर डेपोपर्यंत बातमी गेली असती. तिच्या नावाने केलं. वाटलं, तिला कुठे काय होणार आहे? तिला कधी सर्दी होत नव्हती हो!"

"दोन वर्षांपूर्वी पॉलिसी काढली, तेव्हा आठवण झाली नाही?"

"तो कागद मी विसरूनच गेलो होतो. आईने नेला, तुम्ही दाखवलात, तेव्हा आठवला. पण मी कालच डॉक्टरांना सांगितलंय, लॅबची चूक आहे, तेवढं दुरुस्त करा. आणि तीही सांगणारच की, तिला साखर नाही. तिचं रक्तच सांगतंय. मग मी कशाला..." तो अडखळला. "होईल ना मंजूर?"

टाचणीने खिशातून बाईंची कबुली काढली आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवली.

ड्रायव्हरने वाचायला वेळ लावला. दोनदा वाचलं. मग अंगठ्याने सही चाचपली.

"हे खोटं आहे."

"हो."

"मग तिने का..." त्याने कागद उलटून पाहिला. "तिला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुमच्या घड्यांनी."

डेपोत भोंगा वाजला. एक कंडक्टर लांबून ओरडला, "ओ मालक! सव्वादोन झाले, गाडी काय आता मी ढकलू?"

ड्रायव्हर उभा राहिला. टाचणीला वाटलं, तो केबिनमध्ये चढणार. एक पाय पायरीवर गेलाही होता.

"एक विचारू?" टाचणी म्हणाला. "गाडी चालवताना डोळ्यांपुढे अंधारी आली का कधी?"

ड्रायव्हरची पाठ त्याच्याकडे होती. "दोनदा," तो म्हणाला. "एकदा पुलावर."

त्याने पाय पायरीवरून काढून घेतला. गाडीची किल्ली खिशातून काढली, आवार ओलांडून खिडकीपाशी गेला आणि ती फळीवर ठेवली.

"दुसरा ड्रायव्हर लावा," तो आतल्या माणसाला म्हणाला. "आज, आणि उद्यापासूनही. साखर आहे मला. पाच वर्षं झाली."

आतला माणूस आधी हसला. त्याला वाटलं चेष्टा आहे.

७

साडेचारला साहेबांच्या टेबलावर कागद पडले. ड्रायव्हरचा जबाब आणि डेपोतला साखरेचा आकडा, गोळ्या घेऊनही दोनशे चाळीस. नणंदेचा जबाब, तिने भाऊ बोलल्याचं ऐकताच नोकरीची पर्वा न करता लिहून दिला होता. लॅबच्या वहीचं फुलीवालं पान. शाळेची हजेरी. सगळ्यांना कोपऱ्यात एकच टाचणी.

"आणि बाईची कबुली?" साहेबांनी विचारलं.

"ती जबाबात येत नाही. आजारी माणसाने ताणात लिहिलेला कागद आहे. हवा तर लावतो, पण मग तो कसा खोटा आहे हेही चार पानं लिहीन."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "नको तुझी चार पानं," ते म्हणाले आणि मंजुरीवर सही केली. पाच वाजायला बारा मिनिटं होती.

मंजुरीचा निरोप घेऊन टाचणी वॉर्डात पोचला तेव्हा बाई नवऱ्याला झापत होत्या. ऑक्सिजनची नळी बाजूला सारून.

"कशाला सांगितलंत? मी लिहून दिलं होतं ना? उगाच शहाणपणा!"

"तू मरायला निघाली होतीस."

"आणि तुम्ही पुलावरून गाडी खाली घालायला. चाळीस माणसांसकट! पाच वर्षं बिनसाखरेचा चहा पिताय, मी विचारलं तर म्हणे वजन कमी करतोय. मी मूर्ख, माझा विश्वास बसला."

"नळी लाव आधी."

"लावते. आधी कबूल करा, परत माझ्या नावाने काही करणार नाही."

"नाही करणार."

"वहीवर लिहून द्या." त्यांनी खरंच एक वही पुढे सरकवली. चौथीतल्या कुणाची तरी. ड्रायव्हरने मागच्या पानावर लिहिलं. लिहिताना त्याचे खांदे हलत होते. बाई दुसरीकडे बघत त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

टाचणी दारातूनच परतला.

शुक्रवारी ऑपरेशन साडेपाच तास चाललं. तो बाहेरच्या बाकावर बसून होता, आजीच्या शेजारी. साडेपाच तासांत एकदाही उठला नाही. दुपारी डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली ओढला आणि म्हणाले, "सगळं नीट झालं." आजीने थर्मासमधला चहा सगळ्यांना एकसारखा ओतला, बिनसाखरेचा. "आता कुणाचा वेगळा करत बसू?" म्हणाली.

टाचणीने तो कडू चहा संपवला. कप परत देताना आजीने त्याचं मनगट धरलं. "तुमची ती धाप बघितली मी जिन्यावर. घरात कुणी बघणारं आहे का?"

"होतं," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी लॅबमध्ये खुर्चीसमोर रांग होती. ड्रायव्हर टाचणीच्या पुढे दोन माणसं सोडून उभा होता. त्याचा नंबर आला तेव्हा लॅबवाल्याने वही उघडली.

"नाव?"

ड्रायव्हरने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, शाळेत हजेरी देतात तसं मोठ्याने. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. रक्त देऊन उठताना त्याने टाचणीला पाहिलं, आश्चर्याने थांबला, मग नुसती मान हलवली आणि कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसला. वाट बघत.

लॅबवाल्याने चष्मा वर केला. "अरे, तपाससाहेब! आज कुणाची चौकशी?"

टाचणी खुर्चीत बसला आणि बाही वर केली.

"नमुना बाहेरून आहे का?" लॅबवाल्याने पेन टेकवत विचारलं.

"नाही," टाचणी म्हणाला. "माझा आहे."